निरपराधी झाँ कालास

फ्रान्स देशाच्या दक्षिण भागी तुलूज नावाचे एक जुने शहर आहे. इ. स. १७६२ च्या मार्च महिन्याच्या १० तारखेस त्या शहरातील एका चौकात एका वृद्ध कापड-व्यापाऱ्यास चाकावर बांधून, हातपाय मोडून ठार मारण्यात आले. पोटच्या मुलाचा खून केल्याचा आरोप त्याजवर होता. त्या गृहस्थाचे नाव झाँ कालास. त्याने खून केला नव्हता. इतकेच नव्हे, तर त्या घरी खून झालाच नव्हता. ही गोष्ट सिद्ध होण्यास पुढे तीन वर्षे लागली. ती कशी सिद्ध झाली आणि एवढा मोठा अन्याय मुळात घडला कसा, हे आमच्या मंडळ्यांतील बंधुभगिनींस सविस्तर सांगावे असे आम्हास वाटते.

कालास याचा जन्म १६९८ साली लाकाबारेद नावाच्या खेड्यात झाला. त्याचे लोक प्रॉटेस्टंट मताचे होते. फ्रान्सात त्या मताच्या लोकांस ह्युगेनो म्हणत. त्याच्या जन्माच्या तेरा वर्षे आधी, म्हणजे १६८५ साली, चौदावा लुई राजा याने प्रॉटेस्टंटांस पूर्वी मिळालेली धर्मस्वातंत्र्याची सनद रद्द केली होती. त्यांची उपासनामंदिरे पाडण्यात आली व पाळकांस देशाबाहेर घालविण्यात आले. रोमन क्याथोलिक पुरोहिताच्या हातून झाल्यावाचून लग्न कायदेशीर नव्हते, आणि तसा दाखला नसेल तर वकिलीसारखा धंदा करण्याची मुभा नव्हती. उपासना करावयाची ती रात्री, रानात किंवा डोंगराच्या कपारीत. अशी उपासना चालविणारा पाळक सापडल्यास त्यास फाशी होई. कालासच्या मृत्यूच्या अगोदर अवघे तीन आठवडे, १९ फेब्रुवारी १७६२ रोजी, त्याच तुलूज शहरात रोशेत नावाच्या तरुण पाळकास फाशी देण्यात आली, व त्यास सोडविण्याचा यत्न केल्याबद्दल तीन सख्ख्या भावांचा शिरच्छेद झाला. तेव्हा वारा कोणत्या दिशेने वाहत होता हे यावरून कळेल.

कालास १७२२ च्या सुमारास तुलूजला येऊन राहिला. छापील सुती कापडाचा त्याचा व्यापार होता. हे कापड आपल्या हिंदुस्थानच्या चिटांच्या धर्तीचे असून फ्रेंच लोक त्यास आपल्या देशाच्याच नावाने ओळखीत. १७३१ साली त्याने आन-रोज काबिबेल नामक स्त्रीशी विवाह केला. ती इंग्लंडात जन्मलेली, पण मूळची फ्रेंच निर्वासित कुळातील होती. त्यांस चार मुलगे व दोन मुली झाल्या. चाळीस वर्षे त्याने त्या शहरात दुकान चालविले. खाली दुकान व वर बिऱ्हाड अशी त्याची राहणी असे.

या घरात झान व्हिगिए नावाची एक जुनी मोलकरीण होती. ती पक्की रोमन क्याथोलिक असून नित्य आपल्या देवळात जाणारी होती. मुले तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. त्यांपैकी लुई नामक मुलगा तिच्या प्रेरणेने रोमन क्याथोलिक झाला. बापास दुःख झाले नसेल असे आम्ही म्हणत नाही; पण त्याने मुलास नेमणूक बांधून दिली आणि मोलकरणीस कामावरून काढले नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मुलगा धर्म बदलणार म्हणून ज्याने त्याचा गळा दाबला असे पुढे लोक म्हणाले, त्या बापाचा एक मुलगा धर्म बदलून त्याच शहरात जिवंत होता, आणि ज्या बाईने त्यास बदलविले ती बापाच्याच चुलीवर स्वयंपाक करीत होती.

थोरला मुलगा मार्क-आंत्वान अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याने कायद्याचा अभ्यास केला होता व वकील होण्याची त्याची फार इच्छा होती. परंतु रोमन क्याथोलिक असल्याचा पुरोहिताचा दाखला मिळाल्यावाचून सनद मिळेना, आणि खोटे बोलून दाखला घेण्यास तो तयार नव्हता. बापाच्या दुकानात बसणे त्यास आवडत नसे. तो खिन्न व अबोल होत गेला. असा तरुण आपल्या घरी असेल, तर वडिलांनी त्याच्या मौनाकडे दुर्लक्ष करू नये असे आम्हास सुचवावेसे वाटते. पण कालासच्या घरी ते कोणाच्या लक्षात आले नाही.

१३ ऑक्टोबर १७६१ च्या संध्याकाळी लाव्हेस नावाचा एक तरुण स्नेही त्या घरी जेवावयास आला होता. आईबाप, मार्क-आंत्वान, धाकटा पियेर आणि हा पाहुणा असे पाचजण मेजाशी बसले. जेवण होताच मार्क-आंत्वान उठून गेला. स्वयंपाकघरात मोलकरणीने थंडी वाजते काय असे विचारले, तेव्हा उलट आपली आग होत आहे असे सांगून तो जिना उतरला. बाकीची मंडळी बोलत बसली. रात्री दहाच्या सुमारास पाहुणा निघाला व पियेर दिवा घेऊन त्यास पोचविण्यास खाली आला. दुकानाचे दार उघडे दिसले म्हणून ते आत गेले, तो मार्क-आंत्वान दारात गळफास लागलेल्या स्थितीत आढळला. त्याचा कोट नीट घडी करून ठेवलेला होता.

यापुढे जे झाले ते सांगताना आमची लेखणी अडखळते, कारण येथेच निरपराधी मनुष्याच्या हातून चूक झाली. त्या काळच्या कायद्याप्रमाणे आत्महत्या करणाऱ्याच्या प्रेतावर खटला चाले. दोषी ठरल्यावर ते प्रेत पालथे घालून शहरभर फरफटत नेत व लोक त्याजवर चिखल-दगड फेकीत. बापाने आक्रोश करीत मुलाचे शव खाली घेतले, आणि त्याने आत्महत्या केली हे कोणास सांगू नका असे घरच्या माणसांस विनविले. मेलेल्या मुलाची विटंबना टळावी व घराण्याची अब्रू राहावी, एवढाच त्याचा हेतू होता. म्हणून पहिल्या जबानीत सर्वांनी प्रेत जमिनीवर पडलेले सापडले, कोणी परक्याने गळा आवळला असावा, असे सांगितले. पुढे आपल्यावरच खुनाचा आळ आला हे पाहून त्यांनी खरे ते सांगितले. पण आता खऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? एकदा बोललेले असत्य, मग ते कितीही मायेने बोललेले असो, न्यायाधीशांच्या हाती साखळी होऊन पडले.

रडण्याचा आवाज ऐकून दारापुढे गर्दी जमली होती. त्या गर्दीत कोणीतरी ओरडले की हा मुलगा उद्या रोमन क्याथोलिक होणार होता, म्हणून ह्या पाखंड्यांनी त्यास मारले. हे कोण ओरडले ते कधीच समजले नाही. गावात अफवा कशी उठते हे आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको: पाणवठ्यावर एकजण काहीबाही बोलतो, चावडीपर्यंत जाता जाता ते पाहिलेले होते, आणि संध्याकाळी त्यास चार साक्षीदार असतात. तुलूज येथे असेच झाले. शहराचा दंडाधिकारी दाव्हीद द बोद्रिग हा मध्यरात्रीच्या सुमारास शिपायांसह आला. तो उतावळा व हट्टी होता. त्याने जागेची नीट पाहणी केली नाही, आणि पंचनामा घटनास्थळी न करता मागाहून नगरभवनात लिहिला. त्या घरातील सर्वांस, मोलकरणीस व पाहुण्यासही, त्याने त्याच रात्री कैदेत टाकले. एका सहकाऱ्याने सबुरीचा सल्ला दिला तो त्याने मानला नाही.

त्यानंतर देवळादेवळांतून एक जाहीरनामा वाचण्यात आला. खुनाविषयी ज्यांस काही ठाऊक असेल, ऐकीव का असेना, त्यांनी येऊन सांगावे, न सांगितल्यास बहिष्कार भोगावा लागेल, असा त्याचा आशय होता. त्याची भाषा अशी होती की मुलगा धर्म बदलणार होता, व घरच्यांनी सल्लामसलत करून त्यास मारले, हे जणू ठरलेलेच आहे. आत्महत्येचा संभव त्यात नव्हता. तेव्हा आरोपींच्या बाजूने बोलू इच्छिणाऱ्यास बोलावणेच नव्हते. लोक आले आणि ऐकलेले, ऐकलेल्याकडून ऐकलेले, सर्व काही सांगून गेले. प्रत्यक्ष पाहिलेला एकही नव्हता. मार्क-आंत्वान याचे प्रेत तीन आठवडे चुन्यात ठेवून नोव्हेंबरात मोठ्या थाटाने रोमन क्याथोलिक देवळात पुरण्यात आले, जसे काही तो धर्मासाठी मेलेला हुतात्माच. एका धर्मसंघाने तर त्याच्या स्मरणार्थ सांगाडा उभारून त्याच्या हाती हुतात्म्याची खूण म्हणून ताडाची फांदी दिली. न्याय होण्याच्या अगोदरच शहराने निकाल दिला होता. तशात पुढचे १७६२ साल म्हणजे तुलूजमधील ह्युगेनोंच्या कत्तलीचे दोनशेवे वर्ष. ती कत्तल शहर दरवर्षी मिरवणूक काढून साजरी करीत असे, आणि त्या वर्षीच्या उत्सवाची तयारी चालली होती.

प्रॉटेस्टंट आपल्या धर्म बदलणाऱ्या मुलांस मारावे असे शिकवितात, हेही लोक खरे मानू लागले. तेव्हा पोल राबो नावाच्या पाळकाने, जो स्वतः लपूनछपून फिरत सेवा करी, या निंदेचे खंडन करणारे पुस्तक छापविले. तुलूजच्या न्यायालयाने ते जाळविले.

हा खटला दंडाधिकाऱ्यांकडून तेथील वरिष्ठ न्यायालयाकडे गेला. फ्रेंच लोक या न्यायालयास पार्लमां म्हणत. कायदे करणारी सभा ती ही नव्हे. त्या काळच्या रीतीत सुनावणी बंद दाराआड होई. आरोपीस आपला वकील जवळ ठेवता येत नसे. पूर्ण पुरावा नसला तर अर्धा पुरावा, त्याहून लहान पुरावा अशी बेरीज करून दोष ठरवीत. जणू चार फुटक्या कवड्यांचा एक रुपया होतो! ६३ वर्षांच्या म्हाताऱ्याने अठ्ठावीस वर्षांच्या धडधाकट मुलास एकट्याने कसे लटकविले, हा प्रश्न कोणी विचारला नाही असे नाही. पण इतरांचे साहाय्य होते म्हणावे, तर क्याथोलिक मोलकरीणही खुनात सामील होती असे म्हणावे लागे, आणि ते कोणी म्हणेना. द ला साल नावाचा एक न्यायाधीश या कुटुंबाच्या निर्दोषतेविषयी उघडपणे बोलत होता. आपण अगोदरच मत बोलून दाखविले, तेव्हा निकालास बसणे योग्य नाही, असे मनात आणून तो न्यायासनावरून बाजूला झाला. त्याचा हा काटेकोरपणा कालासला भोवला. ९ मार्च रोजी तेरा न्यायाधीशांपैकी आठांनी मृत्युदंडास अनुमती दिली.

बाकीच्या आरोपींचा निकाल मुद्दाम मागे ठेवण्यात आला. चाकावर हाडे मोडू लागली म्हणजे म्हातारा कबूल होईल, साथीदारांची नावे घेईल, आणि मग त्यांचा निकाल सोपा होईल, असा न्यायाधीशांचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रथम त्याचे अंग ताणण्यात आले. नंतर नाकातोंडात मडक्यामागून मडके पाणी ओतण्यात आले. त्याने प्रत्येक प्रश्नास एकच उत्तर दिले, की अपराध झालेला नाही, तेव्हा साथीदार कोठून असणार. मग त्यास अनवाणी, केवळ सदऱ्यानिशी, हाती मेणबत्ती देऊन देवळापुढे नेले, व तेथून सेंट जॉर्ज चौकात. त्याचे हातपाय लोखंडी कांबीने मोडले आणि त्यास आभाळाकडे तोंड करून चाकावर ठेवले. तेथे तो दोन तास जिवंत होता. दोन रोमन क्याथोलिक धर्मगुरू जवळ होते. त्यांस त्याने आपण निर्दोष मरतो असे सांगितले, आणि न्यायाधीशांविषयी तो कटू बोलला नाही. ते खोट्या साक्षींनी फसले असतील असे तो म्हणाला. शेवटी दाव्हीद द बोद्रिग हाच पुढे येऊन कबूल हो म्हणून त्यास हटकू लागला, तेव्हा म्हाताऱ्याने मान फिरविली. मग गळा आवळून त्याचा प्राण घेण्यात आला व शव जाळण्यात आले. ते दोघे धर्मगुरू घरी परतले ते तो निरपराधी होता असे सांगतच.

आता न्यायाधीशांपुढे पेच पडला. बाप कबूल झाला नाही, मग बाकीच्यांस कोणत्या तोंडाने मारावे? त्यांनी पियेरला जन्माची हद्दपारी दिली आणि आई, पाहुणा व मोलकरीण यांस सोडून दिले. खून जर खरोखर झाला असेल तर ही मंडळी त्यात असलीच पाहिजेत; ती निर्दोष असतील तर बापही निर्दोष. न्यायालयाने आपल्याच दुसऱ्या निकालाने आपला पहिला निकाल खोडला, असेच आम्ही समजतो. हद्दपार पियेरला एका वेशीतून बाहेर काढून दुसऱ्या वेशीने आत आणून मठात कोंडले. तेथून तो जुलै महिन्यात पळाला. दोन्ही मुली आईपासून तोडून निरनिराळ्या मठांत ठेवल्या. घर मोडले, दुकान गेले.

याच वेळी फ्रान्सच्या सरहद्दीवर फेर्ने येथे व्हॉल्टेअर हा प्रसिद्ध ग्रंथकार राहत होता. त्याचे वय ६७ वर्षांचे. तो ख्रिस्ती मंडळीचा मित्र नव्हता. पाळक व पुरोहित या दोघांचीही त्याने आयुष्यभर थट्टा केली, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. मार्सेय येथील एका व्यापाऱ्याने त्यास ही हकीकत सांगितली. प्रथम त्यास वाटले की म्हाताऱ्याने धर्मवेडाने मुलास मारलेही असेल. परंतु त्याचे मन स्वस्थ बसेना. कालासचा धाकटा मुलगा दोना हा जिनीव्हास पळून आला होता. व्हॉल्टेअरने त्यास बोलावून घेऊन आईबापांची वागणूक कशी होती, ते मारझोड करीत काय, हे विचारले. आईबापांनी कधी हात उगारला नाही असे त्या मुलाने साध्या शब्दांत सांगितले. व्हॉल्टेअरने चहूकडे पत्रे लिहून चौकशी केली व तो निर्दोषतेविषयी खात्रीस आला. पुढची तीन वर्षे त्याने या कामास वाहिली. त्याने विधवेस पॅरिस येथे पाठविले, वकील मिळवून दिले, दरबारातील थोरांस गाठले आणि लोकांकडून पैसा उभारला. १७६३ साली त्याने सहिष्णुतेवर एक ग्रंथ लिहून हा खटला साऱ्या युरोपापुढे मांडला.

येथे एका जोगिणीचेही नाव आम्हास सांगितले पाहिजे. धाकटी मुलगी नानेत ज्या मठात होती, तेथील आन-जुली फ्रेस नावाच्या वृद्ध जोगिणीकडे तिला वळविण्याचे काम होते. मुलगी वळली नाही. पण जोगिणीस तिची माया लागली व तिच्या घराच्या निर्दोषतेची खात्री पटली. तिने पॅरिस येथील आपल्या ओळखीच्या मोठ्या लोकांस तिच्यासाठी पत्रे लिहिली. पाखंड्याची मुलगी म्हणून तिने तिला टाकले नाही.

७ मार्च १७६३ रोजी राजाच्या मंत्रिसभेने तुलूजच्या न्यायालयाकडे खटल्याचे कागद मागितले. ४ जून १७६४ रोजी तो निकाल रद्द झाला व नव्याने चौकशीचा हुकूम झाला. कायद्याच्या रीतीप्रमाणे विधवेस, पियेरला, लाव्हेसला व झान व्हिगिएला पुन्हा कैदी म्हणून तुरुंगात हजर व्हावे लागले. ९ मार्च १७६५ रोजी, म्हणजे कालासच्या मृत्युदंडाच्या निकालास बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, चाळीस न्यायाधीशांनी एकमताने ठरविले की झाँ कालास व त्याबरोबरचे सर्व निर्दोष होत. राजाने कुटुंबास ३६,००० लिव्र दिले. दाव्हीद द बोद्रिग याची नेमणूक त्याच वर्षी गेली. पुढे त्यास वेड लागले.

तुलूजच्या न्यायालयाने मात्र आपली चूक तोंडाने कधी कबूल केली नाही. निकाल आपल्या दप्तरातून खोडावा हा हुकूम त्याने अमलात आणला नाही. मोठ्या माणसांस मी चुकलो हे दोन शब्द किती जड जातात, याचा अनुभव आमच्या वाचकांस आपल्या गावीही येत असेल.

या खटल्याबरोबर आणखी एका घराची सुटका झाली. त्याच प्रांतातील सिर्व्हें नावाच्या प्रॉटेस्टंट गृहस्थाची मुलगी विहिरीत मेलेली सापडली होती, आणि त्याजवरही हाच आळ आला. तो शहाणा, की मोठ्या हिमकाळात बायकामुलांसह डोंगर ओलांडून पळाला, म्हणून चाकावर चढला नाही. त्याची बायको परदेशात मेली. व्हॉल्टेअरने त्याचेही काम हाती घेतले, व १७७१ साली तुलूज येथेच तो निर्दोष ठरला.

कालासची मुलगी नानेत हिचा पुढे १७६७ साली दुव्हाझें नावाच्या पाळकाशी विवाह झाला. आन-रोज कालास पॅरिस येथेच राहिली. सोळाव्या लुई राजाने १७८७ साली हुकूम काढून प्रॉटेस्टंटांचे जन्म, विवाह व मृत्यू सरकारी दप्तरात नोंदविण्याची मुभा दिली, तेव्हा ती हयात होती. १७९२ साली ती वारली.

सुटकेच्या वर्षी कार्माँतेल नावाच्या चित्रकाराने तुरुंगातील या कुटुंबाचे एक चित्र काढले, व त्याचे ठसे विकून आलेला पैसा त्या विधवेस देण्यात आला. चित्रात लाव्हेस हा हाती कागद घेऊन वकिलाने तयार केलेले त्यांच्या बाजूचे निवेदन वाचीत आहे. पियेर त्याच्या खांद्यावरून पाहत आहे. आई मुलींसह बसून ऐकत आहे. आणि त्या मायलेकींच्या मागे म्हातारी झान व्हिगिए उभी आहे. खोटी साक्ष दिली असती तर तिला एका दिवसात मोकळे होता आले असते, आणि सारे शहर तिच्या धर्माचे असल्यामुळे तिची वाहवाही झाली असती. पण त्या रात्री मालक जेवणघरातून हलले नाहीत हेच तिने पहिल्या दिवसापासून सांगितले, आणि शेवटपर्यंत ती ते सांगत राहिली.